दिल्लीच्या टेकड्यांवरील घरटी

राजस्थानातून ईशान्येकडे आलेली अरवली पर्वतरांग दिल्लीत शिरते तेव्हा तिची उंची जेमतेम टेकडीएवढी उरते, आणि वजीराबादजवळ यमुनेच्या काठी ती संपते. या खडकाळ कण्याला दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात. असोला-भाटीपासून विद्यापीठाच्या परिसरापर्यंत तिचे तुकडे विखुरले आहेत. मार्चपासून ऑगस्टपर्यंत येथील पायवाटांच्या दोहो बाजूंस गाणाऱ्या पक्ष्यांची वीण चालते. उन्हाळ्यात निरीक्षकाला सूर्योदयानंतरचे दोन-तीन तासच काय ते मिळतात. पुढे पक्षीही गप्प होतात.

घरटे शोधावयाचे म्हणजे झुडपे चाळावयाची, अशी नवख्याची समजूत असते. वस्तुतः लक्ष ठेवावयाचे असते ते पक्ष्यावर. चोचीत काडी असलेला पक्षी घरटे बांधीत असतो. चोचीतील अळी न गिळता तो फांदीवर अस्वस्थपणे बसून राहिला, तर पिले बहुधा जवळच असतात, आणि त्याच्या खोळंब्याचे कारण निरीक्षक स्वतःच असतो. अशा वेळी वीस पावले मागे सरून स्वस्थ बसावे.

खडकाळ उतारावर प्रथम दिसतो तो चीरक. उत्तरेकडील नराची पाठ तपकिरी, तर दक्षिण भारतातील नराची काळी असते. शेपटी उभारून तो दगडावर गात असतो. घरटे मात्र कपारीत किंवा पडक्या भिंतीच्या भोकात असते. त्याच्या अस्तरात केसांबरोबर कधी सापाच्या कातीचा तुकडाही आढळतो. शिंपी पक्ष्याची मादी पानाच्या कडांना चोचीने भोके पाडून त्यांतून कोळिष्टकाचे किंवा कापसाचे तंतू ओवते. पान देठाला जिवंत असल्यामुळे हिरवेच राहते व घरटे ओळखू येत नाही. ते पाहण्याच्या मोहाने पान उलटविले, की टाके फाटण्याची भीती असते.

याहून मोठे भय टकाचोर, कावळा आणि भारद्वाज यांचे. अंडी व पिले पळविणारे हे पक्षी पानांचा आडोसा हटताच घरटे हेरतात. छायाचित्रासाठी फांदी बाजूला बांधून ठेवणारा हौशी माणूस त्यांचे निम्मे काम स्वतःच करून देतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी येथे लावलेल्या विलायती कीकराने ढाक, धौ, बोर यांसारख्या देशी झाडाझुडपांना मागे रेटले आहे. वसंत विहारलगतच्या अरवली जैवविविधता उद्यानात, जुन्या खाणींच्या जागी, देशी वनस्पती पुन्हा लावण्यात आल्या आहेत. कोणत्या झुडपात, जमिनीपासून किती उंचीवर घरटे होते, याची नोंद म्हणूनच मोलाची ठरते. दिल्लीत पक्षिनिरीक्षकांची संस्था १९५० साली स्थापन झाली, आणि उषा गांगुली यांचे दिल्ली परिसरातील पक्ष्यांवरील पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले.

जूनमध्ये पावसाच्या आगेमागे चातक येतो. कवींनी तृषार्त ठरविलेला हा पक्षी घरटे बांधीतच नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते. दोघांचीही अंडी निळी असतात. चातकाचे पिलू यजमानाच्या पिलांना बाहेर ढकलीत नाही, त्यांच्यातच वाढते. घरट्याबाहेर पडल्यावरही ते अन्न मागत सातभाईंच्या मागोमाग फिरते, आणि सातभाई त्याला भरवीत राहतात.