पारा एक सांगतो, घाम दुसरं
मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, रत्नागिरीत तो ३४ च्या आसपास असतो, आणि कोकणातली माणसं उन्हाळ्यातून सुटली असा समज होतो. हा समज घातक आहे. अंग गार होतं ते घाम आल्याने नव्हे, तो वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता निथळून गेला तर जवळपास काहीच नेत नाही. विदर्भाची सारी उन्हाळी व्यवस्था हवेच्या कोरडेपणावर उभी आहे. खिडकीतल्या कूलरच्या ताट्यांवरून पाणी झिरपत राहतं, पंखा बाहेरची रखरखीत हवा त्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होण्यात त्या हवेची उष्णता खर्ची पडते. दुपारी दारं लावून घ्यायची आणि बाहेर पडताना डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, हे तिथे शहाणपणाचंच. तोच कूलर मुंबईच्या बंद खोलीत लावला, तर आधीच दमट हवेत आणखी ओल भरतो. कोकणाला हवा खेळती लागते: मोकळी पडवी, समोरासमोरच्या खिडक्या, कौलांच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा.

शरीराला सवय होते, हे म्हणणं खरं आहे. दहा-चौदा दिवस उन्हात काम केलं की घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण दमट हवेत हा वाढीव घाम वाळणार कुठे? एसी हवेतली ओलही काढतो, त्यामुळे किनाऱ्यावर तो खरोखर उपयोगी आहे. मात्र रस्त्यावर डांबर टाकणाऱ्याला त्याचा काय उपयोग? उलट, घराघरांतून बाहेर फेकलेली उष्णता त्याच्याच वाट्याला येते. हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० आणि किनाऱ्यावर ३७ अंश धरतं. फरक केला हे योग्यच, तरी मोजमाप पाऱ्याचंच राहिलं. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि तो देशाला वाट दाखवणारा ठरला, पण ते शहर कोरड्या उन्हाळ्याचं. मुंबई-ठाण्याच्या इशाऱ्यात तापमानाबरोबर आर्द्रता आणि रात्रीचा उकाडाही धरायला हवा, आणि बांधकामावरच्या मजुरांच्या विसाव्याला चारी बाजूंनी उघडा, पंखे असलेला मांडव हवा. ओले पडदे तिथे नकोत.