दहा नंबरची जर्सी उत्तरेला निघते
लेखमाला : खेळ आणि पोट, भाग सातवा

गेल्या आठवड्यात आपण हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात थांबलो होतो. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या वीसेक रग्बी क्लबांनी तिथे मूळ संघटनेशी काडीमोड घेतला. मागणी साधी होती : शनिवारी सामन्यासाठी गिरणी किंवा खाण सोडून येणाऱ्या खेळाडूला बुडालेली मजुरी मिळावी, दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. लंडनच्या मंडळींना यात खेळ बाटला असं वाटलं. या भांडणातून पुढे दोन वेगळे खेळ झाले. पंधरा खेळाडूंचं, १९९५ पर्यंत बिनपैशाचं ते रग्बी युनियन. तेरा खेळाडूंचं, पैसे घेऊन खेळायचं ते रग्बी लीग. आज त्या दोघांमधला उंबरठा ओलांडणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तो ओलांडताना नेमकं काय सोबत जातं आणि काय अलीकडे राहून जातं, हे मला त्याच्याकडे बघूनच पहिल्यांदा समजलं.

जानेवारी १९८९. वेल्सचा जोनाथन डेव्हिस तेव्हा २६ वर्षांचा होता. सगळे त्याला 'जिफी' म्हणत. तो राष्ट्रीय संघाचा फ्लाय-हाफ होता आणि संघाचं कर्णधारपदही त्याच्याकडे आलं होतं. त्या महिन्यात त्याने विडनेस या लीग क्लबाच्या करारावर सही केली. मर्सी नदीकाठचं, रासायनिक कारखान्यांचं हे गाव. म्हणून क्लबाचं टोपणनावच 'केमिक्स'. त्याला मिळालेली रक्कम सव्वादोन लाख पौंडांच्या आसपास असल्याचं तेव्हा छापून आलं. वेल्समध्ये या बातमीने घरातलं माणूस गेल्यासारखी शोककळा पसरली.

ती का पसरली हे कळायला फ्लाय-हाफ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. युनियनमध्ये त्याच्या पाठीवर १० नंबर असतो. स्क्रममधून किंवा मैदानावरच्या झुंबडीतून सुटलेला चेंडू स्क्रम-हाफ बहुतेक वेळा त्याच्याकडे टाकतो, आणि पुढचा डाव पायाने खेळायचा, हाताने की स्वतः धावत, हे तो ठरवतो. आपल्याकडचा 'सूत्रधार' हा शब्द त्याला चपखल बसतो. वेल्समध्ये तर या जागेला देवघरातल्या चौरंगाचा मान. कार्मार्थनशरमधलं ग्वेन्द्राएथ हे कोळशाच्या खाणींचं खोरं. वेल्सचे फ्लाय-हाफ बॅरी जॉन आणि त्याच्याआधीचा कार्विन जेम्स हे दोघे तिथल्या सेफ्नाइथिन या एकाच गावचे, गॅरेथ डेव्हिस शेजारच्या टंबलचा आणि आपला जिफी ट्रिमसारनचा. तिथे जमिनीखाली फ्लाय-हाफ बनवायचा कारखाना आहे, असं वेल्सची माणसं अभिमानाने सांगत.

इथे वेल्सचा पेच लक्षात घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये विभागणी बरीचशी वर्गावर झाली : युनियन दक्षिणेतल्या सुस्थितीतल्या घरांचं, लीग उत्तरेतल्या कामगारांचं. वेल्समध्ये मात्र युनियनच खाणकामगारांचं आणि पोलाद कारखान्यातल्या माणसांचं होतं. म्हणजे जिथे मजुरीची गरज सर्वांत जास्त, तिथेच मजुरी न देणारा खेळ राष्ट्राचं दैवत झाला. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपानंतर खाणी भराभर बंद होत गेल्या तेव्हा हा पेच आणखी आवळला. डेव्हिसने स्वतः घरं रंगवण्याचं काम केलं होतं. अशा माणसापुढे उत्तरेतल्या क्लबाचा माणूस आकडा ठेवतो, तेव्हा त्याला लोभी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पैसा हे एकच कारण नव्हतं. १९८८ मध्ये वेल्सने इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांना हरवून ट्रिपल क्राउन जिंकला आणि त्याच वर्षी न्यूझीलंडच्या दौऱ्यावर दोन्ही कसोट्यांत धूळ खाल्ली : ५२-३ आणि ५४-९. परतल्यावर, काय चुकतंय ते वेल्श संघटनेच्या वार्षिक सभेपुढे मांडू द्या, अशी डेव्हिसने विनंती केली. ती फेटाळली गेली. डिसेंबरमध्ये कार्डिफला रुमानियाने वेल्सला १५-९ असं हरवलं, कर्णधार डेव्हिसच होता. महिन्याभरात तो गेला. ज्याचं ऐकून घ्यायचं नाही त्याने राहावं तरी कशासाठी?

आणि जाणं म्हणजे कायमचं जाणं. लीगचा एक सामना, अगदी चाचणीचा सामना खेळला तरी युनियनचे दरवाजे जन्मभरासाठी बंद. म्हणून चाचणीला आलेल्या युनियनच्या खेळाडूचं नाव लीगवाले छापतच नसत, त्याजागी 'अमुकतमुक' अशा अर्थाचं काहीतरी लिहीत. आपल्या गावगाड्यात याला वाळीत टाकणं म्हणत. गिरणगावातल्या वाचकाला यातला अन्याय वेगळा उलगडून सांगायला नको. गिरण्यांनी, बँकांनी, कंपन्यांनी कबड्डीपटूंना नोकरी देऊन संघात घेतलेलं आपण पाहिलं आहे. खेळामुळे घरात चूल पेटली म्हणून त्यांच्याशी कुणी अबोला धरला नाही.

आता मैदानात उतरू. मला खरं बोलायचं आहे ते याच भागाबद्दल.

युनियनमध्ये खेळाडूला पकडून खाली पाडलं की त्याला चेंडू सोडावा लागतो आणि दोन्ही बाजू त्यावर तुटून पडतात. या झुंबडीला रक म्हणतात. पाच-सहा धिप्पाड माणसं तिथे अडकतात. चेंडू लगेच सुटेल, रेंगाळेल, की प्रतिपक्षाच्या हाती जाईल, काही सांगता येत नाही. त्यामुळे मागे उरलेली बचावफळी दर वेळी वेगळ्या आकाराची असते : कुठे माणूस कमी, कुठे जड माणूस चपळ माणसासमोर आलेला. फ्लाय-हाफ दहा-बारा पावलं मागे उभा राहून हे वाचतो. त्याचं कसब म्हणजे गोंधळातली फट इतरांच्या आधी दिसणं. बचावात त्याच्या आजूबाजूला फ्लँकर म्हणून दणकट गडी असतात, अंगावर येणारे बरेच घाव ते झेलतात. अडचण आलीच तर लांब लाथ मारून चेंडू रेषेबाहेर घालवायचा, पन्नास मीटरची जमीन कमवायची आणि श्वास घ्यायचा.

लीगने यातलं जवळजवळ सगळं काढून टाकलं. फ्लँकर नाहीत, रेषेबाहेर गेलेला चेंडू आत फेकायचा लाइनआउट नाही, रक नाही. पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे सारतो आणि खेळ पुढे सुरू. तोवर बचाव करणाऱ्यांना मागे हटून पुन्हा रांग लावायची मुभा असते. डेव्हिस गेला तेव्हा मागे हटायचं हे अंतर पाच मीटर होतं, १९९३ पासून दहा झालं. अशा सहा पकडी, मग चेंडू समोरच्यांचा. म्हणजे सूत्रधाराच्या पुढ्यात गोंधळ नसतोच. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट उभी असलेली भिंत असते, आणि ती दर पकडीनंतर नव्याने बांधली जाते. तिला तडा पाडायचा तर सहाव्या पकडीपासून उलटा विचार करावा लागतो : दुसऱ्या पकडीला उजवीकडे जा, तिसऱ्याला पुन्हा उजवीकडे, भिंत तिकडे सरकू दे, चौथ्याला डावीकडे झटकन फिर. कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. कसलेला चढाईपटू एका कोपऱ्याकडे हूल देत देत साखळीला ओढतो, आणि तिचा हात सुटला की नेमका तिथे गडी टिपतो.

लाथेचंही तसंच. लीगच्या खुल्या खेळात चेंडू टप्पा न पडता रेषेबाहेर गेला तर जिथून लाथ मारली तिथेच तो प्रतिस्पर्ध्याला मिळतो. म्हणजे फ्लाय-हाफने पोरवयापासून घोटलेलं एक हत्यार म्यानात गेलं. ड्रॉप गोलला युनियनमध्ये तीन गुण, लीगमध्ये एक. आणि सगळ्यात कठीण गोष्ट बचाव. तेरा माणसांत लपायला जागा नाही. प्रतिस्पर्धी आपले सर्वांत वजनदार गडी मुद्दाम सूत्रधाराच्या अंगावर धाडतात, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हेतू हा की त्याच्या हाती चेंडू येईल तेव्हा तो धापा टाकत असावा. डेव्हिस अंगाने सडसडीत होता, शिवाय एवढा महागडा. त्याच्यावर आदळायची हौस कुणाला नसणार?

म्हणून युनियनचा सूत्रधार लीगमध्ये गेला की त्याची जागा बहुधा बदलते. लीगचा सूत्रधार ६ नंबर घालतो, त्याला स्टँड-ऑफ म्हणतात. पण नवख्याच्या हाती ती जर्सी देताना क्लब कचरतात. डेव्हिसच्या आधी वेल्सचाच डेव्हिड वॉटकिन्स १९६७ मध्ये सॅलफर्डला गेला. १९६६ च्या ब्रिटिश लायन्स या संयुक्त संघाचं कसोटीत नेतृत्व केलेला फ्लाय-हाफ तो. लीगमध्ये तो खऱ्या अर्थाने स्थिरावला सेंटरच्या जागी, आणि १९७२-७३ च्या हंगामात त्याने २२१ गोल मारले. डेव्हिसचंही तेच झालं. विडनेसचे प्रशिक्षक डग लॉटन यांनी त्याला घाईने मध्यभागी उभं केलं नाही. बाहेरच्या बाजूला ठेवलं, तिथे भिंत थोडी विरळ असते आणि वेगाला किंमत असते. त्याच संघात डाव्या कडेला मार्टिन ओफाया होता, तोही युनियनमधून आलेला. त्या मोसमात विडनेसने अजिंक्यपद मिळवलं आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा रेडर्सना ३०-१८ असं हरवून जगज्जेतेपद घेतलं. तेव्हाही डेव्हिस कडेलाच खेळत होता.

मला वाटतं, सीमा ओलांडताना हात, पाय आणि वेग हे सगळं सोबत जातं. जात नाही ती वेळेची जाण. कधी थांबायचं, कधी सोडायचं, समोरचा कधी थकलेला असतो, हे प्रत्येक खेळाचं वेगळं घड्याळ असतं आणि ते नव्याने अंगात मुरवावं लागतं. डेव्हिसने ते मुरवलं. त्याला वर्षं लागली. १९९३ मध्ये तो वॉरिंग्टनला गेला आणि १९९४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून 'मॅन ऑफ स्टील' ठरला.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला वेम्बलीवर ग्रेट ब्रिटन विरुद्ध ऑस्ट्रेलिया. ब्रिटनचा कर्णधार शॉन एडवर्ड्स याला पहिल्याच सत्रात बाहेर काढलं गेलं, उरले बारा. डेव्हिस फुलबॅक होता. चेंडू हाती येताच त्याने पाऊल किंचित आवरलं, समोरच्याला क्षणभर अडखळायला लावलं, आणि मग उजव्या कोपऱ्याकडे सुसाट सुटला. ऑस्ट्रेलियाचा फुलबॅक ब्रेट मलिन्स तिरका धावत आला, झेपावला, पण तोवर डेव्हिसने कोपऱ्यात चेंडू टेकवून ट्राय केला होता. ब्रिटनने सामना ८-४ असा जिंकला. शेवटपर्यंत खेळणं मात्र डेव्हिसच्या नशिबी नव्हतं, खांदा दुखावून तो बाहेर गेला. ती धाव मी कितीदा पाहिली असेन, मोजलेलं नाही. दर वेळी माझं लक्ष त्या आवरलेल्या पावलावर जातं. ते पाऊल ट्रिमसारनचं, आणि ते कधी टाकायचं ही जाण विडनेस-वॉरिंग्टनची.

इकडे वेल्सच्या संघाला गळती लागली होती. पॉल मोरियार्टी, जॉन डेव्हेरो, डेव्हिड यंग, अ‍ॅलन बेटमन, पुढे स्कॉट गिब्स आणि स्कॉट क्विनेल, सगळे उत्तरेला. १९९१ च्या विश्वचषकात वेस्टर्न सामोआने कार्डिफमध्ये येऊन वेल्सला १६-१३ असं हरवलं. असं घर रिकामं होत असताना वेगळं काय होणार होतं?

आता काळ बदलला आहे. ऑस्ट्रेलियाचा कार्टर गॉर्डन २०२३ च्या विश्वचषकात युनियनच्या राष्ट्रीय संघाचा फ्लाय-हाफ होता. त्याचा क्लब मेलबर्न रेबेल्स २०२४ मध्ये बंद पडला आणि तो लीगमधल्या गोल्ड कोस्ट टायटन्सकडे गेला. दुखापतीने त्याला तिथे फारसं खेळू दिलं नाही, तेव्हा तो युनियनकडे परतला. त्याला कुणी वाळीत टाकलं नाही. लीगचे सूत्रधार युनियनमध्ये येतात तेव्हा काय घडतं, ते अँडी फॅरेलच्या निमित्ताने पुढच्या आठवड्यात पाहू.

डेव्हिससाठी दार उघडलं ते ऑगस्ट १९९५ मध्ये. पॅरिसला युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळाडूंना पैसे द्यायला मान्यता दिली. जॉर्ज हॉटेलातल्या त्या बैठकीला शंभर वर्षं पुरी व्हायला काही दिवस कमी होते. त्याच वर्षाअखेरीस डेव्हिस कार्डिफ क्लबाकडे परतला, तेहतिशी ओलांडलेला. वेल्सकडून तो आणखी पाच सामने खेळला.

एप्रिल १९८५ मध्ये त्याने वेल्ससाठी पहिला सामना खेळला होता तो कार्डिफ आर्म्स पार्कवर, इंग्लंडविरुद्ध. एक ट्राय, एक ड्रॉप गोल, आणि वेल्स २४-१५ ने विजयी. १५ मार्च १९९७ रोजी त्याच मैदानावर, इंग्लंडविरुद्धच, तो शेवटचा सामना खेळला. जुन्या आर्म्स पार्कचाही तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना होता; त्यानंतर नव्या स्टेडियमसाठी ते पाडण्यात आलं. इंग्लंडने ३४-१३ असा विजय मिळवला. डेव्हिस ३४ वर्षांचा होता, आणि त्याच्या पाठीवर पुन्हा १० नंबर होता.