वऱ्हाडातील वतनदार घराणी आणि त्यांच्या वंशावळी

वऱ्हाडातील जुन्या घराण्यांच्या वंशावळी वतनाभोवती वाढल्या. परगण्याचा वसूल गोळा करणारा देशमुख, त्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे, गावचा पाटील आणि पटवारी ही पदे पिढीजात होती. पदाबरोबर इनाम जमीन, वसुलातला ठरलेला हक्क म्हणजे रुसूम, आणि मानपान येई. यांतले काहीही मागायचे तर मूळ वतनदाराशी रक्ताचे नाते दाखवावे लागे. त्यामुळे वंशावळ हा पहिल्यापासून हक्काचा कागद होता, आणि तो तसाच वाचला पाहिजे.

राज्ये बदलत गेली, वतनदार टिकून राहिले. १४९० मध्ये अचलपूरला इमादशाही उभी राहिली, १५७४ मध्ये ती निजामशाहीत विरली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. प्रत्येक नव्या सत्तेला वसूल हवा होता आणि वसुलाच्या नाड्या देशमुखाच्या हाती होत्या. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना तिथल्या जमीनदारांची आणि त्यांच्या घोडदळ-पायदळाचीही दखल घेतली आहे.

या वर्गातले सर्वांत नामांकित घराणे अकोल्याच्या नैर्ऋत्येला, आजच्या बुलडाणा जिल्ह्यातले. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत आले. लखुजी जाधवरावांकडे सिंदखेडची देशमुखी होती. १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजींची मुलांसह हत्या झाली, तरी घराणे तुटले नाही. त्याच्या शाखा आसपासच्या गावांत पसरल्या. देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा या गावनावांतला ‘राजा’ त्याचीच खूण आहे. वऱ्हाडी वंशावळींत मुलींची नावे सहसा नसतात. लेक सासरच्या कागदात जाई आणि तिथेही बहुधा ‘अमक्याची बायको’ एवढीच उरे. लखुजींची कन्या जिजाबाई या रिवाजाला ठळक अपवाद आहेत. बाकी असंख्य स्त्रियांची नावे कायमची गेली, ही या साऱ्या कागदपत्रांतली मोठी हानी आहे.

अठराव्या शतकात वऱ्हाडावर नागपूरकर भोसले आणि हैदराबादचा निजाम यांचा दुअंमल होता. एकाच मुलखाचे दोन धनी असल्याने वतनाला दोन्ही दरबारांची मर्जी सांभाळावी लागे. वाद उठला की गोतसभा बसे, साक्षी होत आणि निकालाचा महजर मोडीत लिहिला जाई. या महजरांवर पाटलाच्या नावापाशी नांगराची आकृती काढलेली दिसते. लेखणी चालवणाऱ्या वतनदाराची निशाणी लेखणी असे. मजकुरात पूर्वजांची पिढीवार नावे येत, कोणाची थोरली पाती, कोणाची धाकटी, कोण दत्तक, हेही येई. आज जी वंशावळ झाडासारखी काढतात, तिचा कच्चा माल बहुतांशी या भांडणांच्या कागदांत आहे. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या हा दुसरा आधार. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथे गेलेला यजमान आपले, बापाचे, आज्याचे नाव आणि गाव सांगे व उपाध्याय ते उतरवून घेई.

इंग्लंडमधल्या उमराव घराण्यांशी तुलना केली की वऱ्हाडी रीत स्पष्ट होते. तिथे किताब आणि बहुधा जहागीरही थोरल्या मुलाकडे जाते. धाकट्यांच्या शाखा लवकरच सामान्य जनांत मिसळतात. १८२६ पासून निघणाऱ्या बर्कच्या ‘पीअरेज’ या ग्रंथात म्हणूनच मुख्य धागा एकेरी दिसतो. वऱ्हाडात थोरल्याकडे वडिलकीचा मान राही, पण उत्पन्न भावांत वाटले जाई आणि सगळीच पोरे देशमुख म्हणवत. चार-पाच पिढ्यांत वतनाचा वाटा चिमूटभर होई, आडनाव मात्र पूर्ण राही.

१८०३ मध्ये अकोला भागातील अडगावची लढाई आणि पाठोपाठ गाविलगड पडल्यावर देवगावच्या तहाने भोसल्यांचा वाटा निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले, आणि इथे खरा तडा गेला. वसूल तहसीलदार करू लागला, देशमुख-देशपांड्यांचे काम संपले, रुसुमाऐवजी ठरावीक नेमणूक आली. नागपूरकडे इंग्रजांनी मालगुजारांना गावचे मालक केले. वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी आणून जमीन खातेदाराच्या नावे लावली. देशमुखांच्या हाती स्वतःची शेती, पांढऱ्या मातीची गढी आणि पोळ्याला तोरणाखालून आधी जाणारी मानाची बैलजोडी उरली. तरीही वर्ग टिकला. रसेलने १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातींविषयी लिहिताना वऱ्हाडी देशमुखांची वेगळी, वरचढ समजली जाणारी शाखा बनल्याची नोंद केली. वतनाचा आधार गेल्यावर वंशावळीचे वजन सोयरिकीत कामी आले.

याच काळात दरबारी किताबांनी नवे प्रतिष्ठित घडवले. अमरावतीचे वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर रावबहादूर झाले, मोरोपंत जोशी ‘सर’ झाले. हे किताब व्यक्तीपुरते होते. त्यांतून पिढीजात घराणे उभे राहिले नाही. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवण्याची मुभा मिळाली, पण वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडेच राहिला. जुन्या घराण्यांचा इतिहास लिहिण्याचे मोठे काम यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ या १९२४ च्या ग्रंथातून केले.

राज्यघटनेने १९५० मध्ये किताब संपवले, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली. आडनावे राहिली. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख मूळचे कदम. वतनाचे नावच घराण्याचे झाले, आणि असे वऱ्हाडात घरोघर घडले आहे.

आता वंशावळ लागते ती वारस नोंदीला, वाटणीला आणि जात पडताळणीला. त्यासाठी जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचे कोतवाल बुक तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढतात. जुनी पाने मोडीत असल्याने नक्कल मिळाली तरी वाचणारा शोधावा लागतो. पणजोबाच्या नावापुढे ‘देशमुख’ न लिहिता मूळ आडनाव किंवा नुसती जात लिहिलेली आढळली, की दोन्ही नावे एकाच माणसाची हे सिद्ध करण्यासाठी महजर, सनद, फेरफार यांची जुळवाजुळव पुन्हा करावी लागते.