आधी पत्रा, मग इंजिन
खिसा बेताचा असेल, तर ब्रिटनमधल्या जुन्या एमजीबी मोटारीचं इंजिन नव्हे, आधी पत्रा सांभाळावा. 1962 ते 1980 या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यामुळे 1798 सीसीच्या साध्यासुध्या इंजिनाचे सुटे भाग आजही सहज मिळतात. पत्र्याचं काम मात्र तितकं सोपं नाही. या गाडीला वेगळी चासी नाही. दारांखालच्या पोकळ पेट्याच तिचा बराचसा भार पेलतात. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यांना आतून कुरतडतं आणि वेल्डिंगची मजुरी तासागणिक चढते. लांबी भरून चकचकीत रंग मारला, तर ते वरून कीर्तन, आतून तमाशा. वेल्डिंगच्या खर्चापुढे निचऱ्याची भोकं मोकळी ठेवून आत मेण फवारणं फुकटच म्हणायचं.

इंजिनच बंद पडलं तर पत्र्याचं काय लोणचं घालायचं, हा आक्षेप रास्त आहे. पण तेल वेळेवर बदलणं स्वस्त आहे; दिव्यांच्या तक्रारींतही बऱ्याचदा नवा भाग लागत नाही, गंजलेली अर्थिंगची जोडणी घासली की भागतं. रबरी पाइप मात्र बदलावेतच, कारण 2021 पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं. फारसे बदल न केलेल्या, चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणी माफ आहे. तरीही ती करून घ्यावी. गाडी उचलून खालचा गंज पाहणारा त्रयस्थ डोळा तेवढ्या पैशांत दुसरीकडे मिळत नाही.