गाडी एकदम लंगडायला लागते, तेव्हा

समजा, गटातल्या बायकांनी मिळून भाड्याची गाडी केली आणि मोहटादेवीला निघालात. करंजी घाट चढताना गाडीचा जोर एकदम गेला. इंजिन चालू आहे, पण ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग वाढत नाही. समोर एक पिवळा दिवा लागला आहे. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवताहेत. कुणी म्हणतं डिझेलमध्ये भेसळ आहे, कुणी ड्रायव्हरलाच बोल लावतं.

असं का होतं, ते आज पाहू. दूध-भाजीसाठी कर्ज काढून पिकअप घेणारी घरं आता गावोगाव आहेत. हप्ता आपण भरतो, तर गाडी काय सांगते तेही आपल्याला कळायला हवं.

आजच्या गाडीत एक छोटा संगणक असतो. मेकॅनिक त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. इंजिनात हवा किती आली, डिझेलचा दाब किती, पाणी किती तापलं, याची खबर सेन्सर त्याला सतत देत असतात. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला की संगणक इंजिन जपायला बघतो. डिझेल कमी सोडतो, टर्बोचा जोर काढून घेतो, इंजिनचे फेरे बांधून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत ते मिनिटाला २००० ते ३००० च्या वर जात नाहीत. याला लिंप मोड म्हणतात. लिंप म्हणजे लंगडणं. पायात काटा मोडला तर आपण पाऊल जपून टाकत घर गाठतो, तसंच हे. मोठं नुकसान होऊ नये म्हणून गाडी स्वतःहून हळू झालेली असते.

टेम्पो-ट्रकना कायद्याने लावलेला स्पीड गव्हर्नर वेगळा. तो गाडीला ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही, पण चढाला जोर कमी करत नाही.

आता कारणं पाहू. पहिलं आहे काजळी. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियमाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. या नियमाने डिझेल मोटारींच्या धुरातल्या काजळीची मर्यादा ८० टक्क्यांहून जास्त खाली आणली. आपल्या अहिल्यानगरजवळ वाहननगरला व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था आहे. नव्या मॉडेलला बाजारात येण्याआधी ज्या मोजक्या संस्थांकडून तपासून घ्यावं लागतं, त्यांत तीही आहे.

ही काजळी अडवायला डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत एक गाळणी बसवतात, तिचं नाव डीपीएफ. चुलीच्या धुराड्यासारखी ती भरत जाते. ती साफ होण्यासाठी आतली काजळी जळावी लागते आणि त्याला सुमारे ६०० अंश उष्णता लागते. पण आपली दुधाची पिकअप कशी चालते? वस्तीवर थांब, कॅन चढव, पुन्हा पुढच्या वस्तीवर थांब. गाळणी तापतच नाही. काजळी साचते आणि एक दिवस गाडी लंगडते. म्हणून अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी मोठ्या रस्त्यावर वीस-तीस मिनिटं सलग चालवावी. गाळणीचा दिवा लागला, तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात दिलेल्या वेगाने आणि तेवढा वेळ, मध्ये बंद न करता चालवावी. पण गाडी आधीच लंगडत असेल तर हा उपाय करू नका, सरळ गॅरेज गाठा.

दुसरं कारण धूळ. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर धुरळा असतो, त्याने एअर फिल्टर लवकर भरतो. तिसरं, टर्बोचा रबरी पाइप चिरतो आणि हवा बाहेर जाते. चौथं, डिझेल फिल्टर तुंबतो किंवा डिझेलमध्ये पाणी उतरतं. पाचवं, गोठ्याजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात आणि संगणकाला चुकीची खबर जाते.

काही डिझेल गाड्यांत डीईएफ नावाचं पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते संपत आलं तरी गाडी आधी इशारा देते, मग जोर कमी करते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. म्हणून कुणी शेतातला युरिया कालवून ओतेल, तर तसं मुळीच करू देऊ नका. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. त्याने महागडी यंत्रणा बिघडते.

वाटेत असं झालं तर काय करायचं? ड्रायव्हरला जोर लावायला सांगू नका. चारही इंडिकेटर लावून गाडी डाव्या कडेला घ्या. बायका-मुलांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. लाल दिवा असेल, म्हणजे ऑइलचा किंवा इंजिन तापल्याचा, तर इंजिन लगेच बंद करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की कधी कधी जोर परत येतो, पण दोष गेलेला नसतो. गाडीत आजारी माणूस किंवा बाळंतपणाची बाई असेल तर दुरुस्तीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे.

गॅरेजमध्ये पहिली गोष्ट सांगा, स्कॅनर लावा आणि कोड कागदावर लिहून द्या. पी-०२९९ कोड आला तर टर्बोचा दाब कमी पडतोय एवढंच कळतं. त्यावर लगेच नवा टर्बो घ्यायचा नसतो. कदाचित पाइपच चिरलेला असेल. कोड फक्त दुखणं कुठे आहे ते सांगतो, औषध तपासणीनंतरच ठरतं. नुसता दिवा घालवून पैसे मागितले तर कारण विचारा. सुटा भाग बदलला तर जुना दाखवायला सांगा. आणि कुणी म्हणालं, ‘गाळणी काढूनच टाकू, कटकट नको’, तर स्पष्ट नाही म्हणा. ते कायद्यात बसत नाही, आणि तो धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जातो.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीला ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी गाडीचं पुस्तक घेऊन या. त्यातलं दिव्यांच्या चित्रांचं पान सगळ्यांनी मिळून वाचा. लाल कोणते, पिवळे कोणते, ते वहीत उतरवून घ्या.