जिन्यातला लाल पाइप आणि आपल्या गाठी

व्यापारी बंधूंनो, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळात, 1915 साली उभी राहिलेली वास्तू काही तासांत कोळसा झाली. त्या आठवड्यात बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी आगीचाच विषय होता. पुढे दिवाळीचा सीझन आला आणि आपण विसरलो. म्हणून आज एका साध्या वस्तूविषयी लिहितो. तिच्यासमोरून आपण रोज जातो, पण तिच्याकडे बघत नाही.

उंच व्यापारी संकुलाच्या जिन्यात तळापासून गच्चीपर्यंत एक लाल पाइप गेलेला असतो. प्रत्येक मजल्यावर त्याला चाकाचा एक व्हॉल्व्ह असतो, त्याचे तोंड 63 मिलिमीटरचे. शेजारच्या पेटीत 15 मीटरचा होज आणि नोझल ठेवतात. आग वर लागली तर खालच्या बंबापासून होज जोडत जिना चढण्यात वेळ जातो. शिवाय दर 10 मीटर उंचीला पाण्याचा सुमारे 1 किलो दाब खर्च होतो आणि उतरणाऱ्या माणसांच्या पायांत होज येतो. जिन्यातल्या व्हॉल्व्हमुळे जवान मोकळ्या हाताने वर जातात आणि जवळच होज लावतात.

ही व्यवस्था दोन तऱ्हेची असते. एकात पाइप सदैव पाण्याने भरलेला आणि पंपाला जोडलेला. दुसऱ्यात पाइप कोरडा. इमारतीबाहेरच्या तोंडातून बंब पाणी चढवतो. त्या तोंडासमोर स्कूटर लावल्या किंवा वरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर पाणी पाहिजे तिथे पोहोचत नाही.

आता माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर वायरिंग पेटले. बंबाचे जवान धावत आले आणि विचारू लागले, व्हॉल्व्ह कुठे आहे? व्हॉल्व्ह माझ्या कापडाच्या गाठींमागे होता! जागा कमी म्हणून मीच जिन्यात माल रचला होता. धुरात खोकत त्या गाठी एकेक करून खाली ढकलाव्या लागल्या. पेटी उघडली तर नोझल गायब, कोणी तरी भंगारात विकले असावे. आग लहान होती म्हणून निभावले. माल पुन्हा भरता येतो, पण वर शिवणकाम करणारी चार पोरे होती.

मोठ्या शहरातही हेच. मुंबईत अविघ्न पार्क या टोलेजंग इमारतीत 22 ऑक्टोबर 2021 रोजी 19 व्या मजल्यावर आग लागून एका सुरक्षारक्षकाचा जीव गेला. इमारतीची अग्निशमन यंत्रणा बंद होती, असे अग्निशमन दलाने तेव्हा म्हटले होते. यंत्रणा बसवणे एक आणि चालू ठेवणे दुसरे.

कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ही जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर, म्हणजे भाड्याने गाळा घेतलेल्या आपल्यासारख्यांवरही टाकली आहे. यंत्रणा नीट चालते याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन विभागाला द्यावे लागते. पण कागद मिळाला म्हणून पाणी येतेच असे नाही, ते डोळ्यांनी बघा.

गाळेधारकांनी मिळून महिन्यातून एकदा एवढे करावे: व्हॉल्व्हचे चाक हाताने फिरते का, पेटीत होज व नोझल आहे का, कपलिंगचे रबर तडकले आहे का, टाकी भरलेली आहे का आणि मेन स्विच पाडल्यावर पंप चालतो का. पंपाला वीज वेगळ्या लाइनने हवी, कारण आगीत पहिल्यांदा वीजच तोडतात.

आणि बंधूंनो, आज शटर ओढण्यापूर्वी जिन्यातली आपली गाठ उचला. त्याला एक पैसाही लागत नाही.