कुजबुज ऐकायला विजापूरला

रमजानमध्ये उगाच भटकू नये, असे आमच्या घरातली मोठी माणसे सांगायची. उन्हात फिरले की घसा कोरडा पडतो, घसा कोरडा पडला की माणूस चिडतो, आणि चिडला की दिवसभराची कमाई गेली. प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. पण सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर. तेवढ्यासाठी सवलत घ्यायला मन धजेना. सहरी करून, फजरची नमाज अदा करून घराबाहेर पडलो.

सोबत माझे जुने सहकारी होते. आम्ही दोघांनी एकाच शाळेत तीस वर्षे शिकवले. मी भाषा, त्यांनी भूगोल. निवृत्तीनंतरही आम्ही एकमेकांना ‘सर’च म्हणतो. त्यांचा नववीतला नातू सुटीचा दिवस म्हणून आला होता. तो मला लहानपणापासून चाचा म्हणतो. गाडीत सरांनी पाण्याची बाटली पिशवीच्या तळाशी दडवलेली मला दिसली. मी म्हणालो, “सर, रोजा माझा आहे, तुमचा नाही. पोराला तहान लागेल.” तरी दिवसभर दोघे पाणी प्यायचे ते माझ्याकडे पाठ करूनच.

विजापूर पूर्वेकडून पश्चिमेकडे पाहावे. गोल घुमट पूर्वेला, स्टेशनपासून जवळ. जामा मशीद, आसार महाल, बारा कमान, गगन महाल शहराच्या पोटात. आणि ताज बावडी, मुलूख-ए-मैदान तोफ, इब्राहिम रोजा पश्चिमेला. सकाळी घुमटाला सुरुवात केली की मावळतीच्या उन्हात इब्राहिम रोजा गाठता येतो. मधल्या टप्प्यांना रिक्षा आहेत, टांगेही दिसतात.

गोल घुमट म्हणजे मोहम्मद आदिलशहाची कबर. त्याने 1627 ते 1656 राज्य केले. वास्तू बाहेरून पाहिली तर साधी आहे. एक प्रचंड चौकोन, चार कोपऱ्यांना सात-सात मजली मनोरे, वर घुमट. आतून घुमटाचा व्यास सुमारे 38 मीटर, आणि एवढ्या मोकळ्या जागेत मध्ये एकही खांब नाही. चौकोनावर गोल बसवायचा कसा, हा प्रश्न कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी सोडवला. वर जाता जाता कमानी चौकोनाचे कोपरे गिळतात आणि घुमटाचा भार भिंतींवर उतरवतात. ही रचना करणारा याकूत हा दाभोळचा, असे मानले जाते. म्हणजे आपल्या कोकणातला.

मनोऱ्याच्या अरुंद, उंच पायऱ्या चढून आम्ही घुमटाच्या आतल्या सज्जात पोहोचलो. इथे भिंतीला तोंड लावून केलेली कुजबुज समोरच्या टोकाला कानात सांगितल्यासारखी ऐकू येते. मोठा आवाज काढला तर तो सात-सात वेळा फिरून येतो. त्यामुळे दहा वाजल्यानंतर सज्जात शिट्ट्या, आरोळ्या आणि टाळ्यांशिवाय काही ऐकू येत नाही. जी जागा हळू बोलण्यासाठी नावाजलेली, तिथे येऊन आपण ओरडतो. आम्ही लवकर गेलो होतो, पाच-सहा माणसेच होती. सर आणि मी एका बाजूला बसलो. नातू पलीकडे गेला आणि भिंतीला तोंड लावून उभा राहिला.

मग भिंतीतून आवाज आला, “चाचा, तुम्ही कोणाच्या बाजूचे? महाराजांच्या की आदिलशहाच्या?”

सरांचा चेहरा पडला. “अरे, काय विचारतोस!” ते ओरडले, आणि ते ओरडणे सात वेळा फिरले. मी त्यांचा हात दाबला. पोराला हा प्रश्न समोरासमोर विचारता आला नव्हता, त्याने तो भिंतीला विचारला. आमच्या गावात असे प्रश्न अलीकडे भिंतीआडच विचारले जातात, आणि उत्तरेही भिंतीआडच दिली जातात. मी वाकून भिंतीला म्हणालो, “संध्याकाळी सांगतो.”

घुमटातून निघून आम्ही जामा मशिदीत आलो. पहिल्या अली आदिलशहाने ती बांधायला घेतली. तालिकोटच्या लढाईनंतर राज्यात पैसा आला होता, त्या काळातले हे काम. आत कमानींच्या ओळी, वर मोठा घुमट, आणि चुन्याच्या शुभ्र भिंती. जमिनीवर एकेका नमाजीची जागा चौकट काढून आखलेली आहे, अशा सव्वादोन हजार चौकटी आहेत. मुख्य कोनाड्याची, म्हणजे मेहराबची, रंगीत आणि सोनेरी सजावट मोहम्मद आदिलशहाच्या काळात, 1636 मध्ये झाली. इतर धर्मीयांनी मशीद पाहायला संकोच करू नये. पादत्राणे बाहेर काढावीत, डोके झाकलेले बरे, आणि नमाजची वेळ टाळावी, एवढेच. माझी जोहरची नमाज होईपर्यंत आजोबा-नातू सावलीत बसून राहिले.

वजू करताना हौदातले पाणी हातावर घेतले आणि सरांचा भूगोल सुरू झाला. “या शहराला मोठी नदी नाही. पाऊस बेताचा. वर हे काळ्या दगडाचे पठार. मग इथे एवढे मोठे शहर जगले कसे?” रोजा असलेल्या माणसाला पाण्याचा प्रश्न चटकन समजतो.

त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. पश्चिमेच्या तोरवी गावाकडून शहरात भुयारी कालव्याने पाणी आणले होते. मोहम्मद आदिलशहाने 1651 मध्ये बेगम तलाव बांधला आणि तिथून मातीच्या नळांनी पाणी शहरात खेळवले. वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे उभे केले. त्यांना गंज म्हणतात. त्यांत पाण्याचा जोर कमी व्हायचा, गाळ खाली बसायचा आणि पाणी पुढे जायचे. हे मनोरे आज रस्त्याकडेला, घरांच्या गर्दीत उभे आहेत. पर्यटक त्यांच्याजवळून जातात आणि कोणी मान वर करत नाही. आसार महालासमोरचा तलावही याच बेगम तलावाच्या पाण्याने भरायचा. महालात पैगंबरसाहेबांचे पवित्र केस जतन केले आहेत, अशी श्रद्धा असल्याने भाविक तिथे येतात.

शिवाय बावड्या. चांद बावडी पहिल्या अली आदिलशहाने चांदबिबीच्या नावाने बांधली. ही चांदबिबी म्हणजे अहमदनगरच्या निजामशहाची लेक, विजापूरची सून. पुढे माहेरावर मोगल चालून आले तेव्हा किल्ल्यात उभी राहून लढली तीच. ताज बावडी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बेगम ताज सुलताना हिच्या नावाने बांधली. समोर भली मोठी कमान, दोन बाजूंना बुरूज, आणि खाली चौकोनी तळे, एकेक बाजू दोनशे फुटांहून जास्त. कमानीलगत वाटसरूंना उतरायला ओवऱ्या. कोण कुठला, हे न विचारता पाणी मिळावे म्हणून केलेली ही सोय. बावडीच्या कठड्यावर बदाम आणि बाण काढून नावे कोरलेली दिसली. मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी. नावे कोरण्याच्या बाबतीत आपल्यात कसलाही भेदभाव नाही.

तिथून तोफ जवळच. मुलूख-ए-मैदान पाहून नातू खुलला. तोंड सिंहाच्या जबड्याचे, जबड्यात हत्ती. वजन सुमारे 55 टन. ही तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून विजापूरला आणली. ती आणवणारा आदिलशाहीचा सरदार मुरार पंडित. नातू म्हणाला, “पंडित? आदिलशहाकडे?”

मी म्हणालो, “आदिलशाहीची फर्माने पाहा कधी. अनेकांत वर फारसी असते आणि खाली मोडीत मराठी. गावोगावचा हिशेब मराठी माणसे लिहीत होती. शहाजीराजेही याच दरबारचे मोठे सरदार होते.” तो गप्प झाला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. ते बरेच होते. एका वाक्यात समाधान होणारा प्रश्न तो नव्हता.

उन्हे कलली तेव्हा इब्राहिम रोजाला पोहोचलो. इथला ‘रोजा’ म्हणजे उपवास नव्हे. मूळ शब्द रौजा, म्हणजे बागेतली समाधी. एका चौथऱ्यावर दोन वास्तू समोरासमोर. एक कबर, एक मशीद, मध्ये हौद. गोल घुमट छाती दडपवतो. इथे माणूस आपोआप हळू चालतो. खिडक्यांच्या दगडी जाळ्या अक्षरांच्या आहेत. दगड कोरून अक्षरे ठेवली आणि अक्षरांच्या मधून उजेड आत सोडला. कारागीर मलिक संदल. वास्तू मुळात ताज सुलतानासाठी आखली होती. 1627 मध्ये इब्राहिम आधी गेला आणि तोही इथेच विसावला.

या इब्राहिमला लोक जगद्गुरू म्हणत. त्याने ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ दखनी भाषेत लिहिला. त्यात सरस्वती आणि गणपतीला वंदन आहे, पैगंबरसाहेबांची आणि गुलबर्ग्याच्या गेसूदराज यांची स्तुतीही आहे. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असे नाव ठेवले होते.

हौदाच्या काठावर बसलो. इफ्तारला तास-दीड तास होता. मी नातवाला म्हणालो, “सकाळचे उत्तर देऊ?” त्याने आजोबांकडे पाहिले, मग मान हलवली.

“हे बघ, चौथीचे पुस्तक मीही वाचले आहे, तेच. प्रतापगडाचा धडा आला की मीही टाळ्या वाजवल्या. शाळेच्या नाटकात एकदा तानाजीही झालो. मी महाराजांच्या मुलखातला माणूस आहे, त्यात मला दुसरी बाजू सुचतच नाही. पण हे घुमट पाहिले की माझी छाती फुगते, तेही खरे. आणि तुला सांगू का, दोन्ही एकदम खरे असू शकते हे कळायला मला बरीच वर्षे लागली.”

“पण अफजलखान इथूनच निघाला ना?”

“इथूनच. 1659 साली. राज्य वाढवायला निघालेल्या दरबाराने आपला सरदार पाठवला आणि स्वराज्य वाचवायला महाराज उभे राहिले. ती लढाई राज्याची होती. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. महाराजांच्या सोबत सिद्दी इब्राहिम होता, पुढे आरमारात दौलतखान होता. त्या दिवशी तिथे कोण कोणाच्या बाजूचा, हे नावावरून ओळखता आले नसते. आज मात्र आपण नावच विचारतो.”

थोड्या वेळाने मी आणखी एक गोष्ट सांगितली. खानाने निघण्यापूर्वी विजापूरजवळ स्वतःची कबर बांधायला घेतली होती. ती अर्धवट राहिली आणि रिकामीच राहिली. खान पुरला गेला तो प्रतापगडाच्या पायथ्याशी. शत्रू मेला, वैर संपले, मातीचा मान ठेवला. दुसऱ्या अली आदिलशहाच्या कबरीचेही तसेच. तिच्या नुसत्या कमानी उभ्या राहिल्या, त्यालाच आपण बारा कमान म्हणतो. 1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि आदिलशाहीच संपली. तोफा थंडावल्या. टिकले ते पाणी साठवायला खणलेले, उजेड आत यावा म्हणून कोरलेले आणि कुजबुज ऐकू येईल असे बांधलेले.

सर इतका वेळ बोलले नव्हते. ते म्हणाले, “तीस वर्षे एका स्टाफरूममध्ये बसलो. हे तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही कधी विचारले नाहीत,” मी म्हणालो. आम्ही दोघेही हसलो, पण हसणे लवकर थांबले.

इफ्तारला आम्ही गावातल्या एका मशिदीजवळ आलो. रस्त्याकडेला कलिंगड, द्राक्षे, भजी यांच्या गाड्या लागल्या होत्या. सतरंजीवर बसलेल्यांनी सरकून आम्हा तिघांना जागा केली. कुठून आलात, एवढेच विचारले. समोर खजूर ठेवला होता. नातवाच्या हातात पाण्याचा पेला होता. दिवसभर आमच्याकडे पाठ करून पिणारा तो आता अजानची वाट पाहत माझ्यासारखाच थांबला होता. मी म्हणालो, “तू पी की.” तो म्हणाला, “दोन मिनिटांनी काय होतंय, चाचा.”

अजान झाली. आधी खजूर, मग पाणी. त्या पहिल्या घोटाला शहराचा सगळा भूगोल घशातून उतरला.

तुम्ही विजापूरला जाल तेव्हा घुमटात सकाळी लवकर जा, गर्दी ओरडायला यायच्या आत. सोबत असा कोणी न्या ज्याला बरीच वर्षे काही विचारायचे राहिले आहे. त्याला पलीकडच्या टोकाला बसवा आणि तुम्ही भिंतीला कान लावा.